जॅक रायडर: सरासरी ५१.६२, मालिकेत संघाच्या सर्वाधिक धावा, आणि पुढच्या दौऱ्यात नाव नाही

तिसरा_पंच

गावसकरची कसोटी सरासरी ५१.१२. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असे निदान अर्धे सभासद इथे आहेत. आता सांगा, ५१.६२ कुणाची?

जॅक रायडर. ऑस्ट्रेलिया, राज्य व्हिक्टोरिया, क्लब कॉलिंगवुड. जन्म ऑगस्ट १८८९. प्रथम श्रेणीत १९१२-१३ च्या हंगामात आला, मग पहिल्या महायुद्धाने मधली उमेदीची वर्षं खाल्ली आणि कसोटी पदार्पण झालं ते डिसेंबर १९२० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. २० कसोट्या, १३९४ धावा, ३ शतकं, ९ अर्धशतकं. वर मध्यमगती गोलंदाजी करून १७ बळी. उंचापुरा, ड्राइव्ह मारणारा, ठोकायला लागला की थांबत नसे.

१९२८-२९ ला चॅपमनचा इंग्लंड संघ ऑस्ट्रेलियात आला तेव्हा रायडर कर्णधार होता. मालिका ४-१ ने हरले. पण फलंदाज म्हणून त्याचे आकडे बघा: ३३, १, २५, ७९, ११२, ५, ६३, ८७, ३० आणि नाबाद ५७. एकूण ४९२. त्या मालिकेत ऑस्ट्रेलियाकडून यापेक्षा जास्त धावा कुणाच्याच नाहीत. दुसऱ्या नंबरवर वुडफुल, ४९१.

आणि १९३० चा इंग्लंड दौरा निवडला तेव्हा कर्णधार झाला वुडफुल. रायडरचं संघात नावच नाही. गंमत म्हणजे निवड समितीत रायडर स्वतः होता! मेलबर्नकर भयंकर चिडले म्हणतात.

तर प्रश्न असा: त्याला वगळलं ते बरोबर होतं का? तुम्ही समितीत असता तर काय केलं असतं?

खडूस_दादरकर

बरोबर होतं. विषय संपला. :)

थोडं सविस्तर: २० कसोट्यांची सरासरी १२५ कसोट्यांच्या सरासरीशेजारी ठेवायची नसते. मग कांबळीचं काय करणार? १७ कसोट्या, १०८४ धावा, ४ शतकं, सरासरी ५४.२०. सनीपेक्षा वर, सचिनसाहेबांच्याही वर. शिवाजी पार्कावर कट्ट्यावर बसून हे वाक्य म्हणून दाखवा, घरी चालत जायचं राहाल.

गुपचूप_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तिसरा_पंच

@खडूस_दादरकर, रायडर गावसकरपेक्षा मोठा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पन्नासच्या वर सरासरी असलेला, देशाचा कर्णधार राहिलेला माणूस इतका पुसला कसा गेला, हे कुतूहल आहे. आणि २० कसोट्या हा छोटा नमुना आहे खरा, पण त्या २० कसोट्या पार १९२० ते १९२९ अशा पसरल्यात. एका तापलेल्या हंगामाचा खेळ नाही तो.

आकडेमोड

पसरल्यात, मान्य. पण कुठे कुठे पसरल्यात तेही बघू या की. धागाकर्त्यांनी बेरीज दिली, मी फोड करून देतो.

त्याची तीन शतकं: केपटाउनला १४२, ॲडलेडला नाबाद २०१, मेलबर्नला ११२. इंग्लंडमध्ये शून्य. शतकच काय, कसोटी अर्धशतकसुद्धा इंग्लंडमध्ये नाही. १९२१ ला आर्मस्ट्राँगच्या संघातून गेला, एकही कसोटी मिळाली नाही. १९२६ ला गेला, कसोट्या मिळाल्या, धावा नाही मिळाल्या. म्हणजे दोनदा संधी देऊन झाली होती. १९३० चा दौरा कुठे होता? इंग्लंडमध्येच. तिसऱ्यांदा त्याच माणसाला, तेही चाळिशी उलटल्यावर, कशाच्या जोरावर न्यायचं?

दुसरं, ते नाबाद २०१. जानेवारी १९२५, ॲडलेड. ऑस्ट्रेलिया ६ बाद ११९ वरून ४८९ पर्यंत गेली, त्यात हे द्विशतक. ऐकायला फार भारी. पण त्याच डावात इंग्लंडच्या टेटचं पाऊल गेलं, कर्णधार गिलिगनची मांडी गेली, फ्रीमनचं मनगट गेलं. अर्धी गोलंदाजी लंगडत तंबूत बसलेली असताना मीसुद्धा पन्नास मारले असते.

सांगलीचा_मॅटवाला

@आकडेमोड, शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. तुम्ही पन्नास मारले नसते.

बाकी ती कसोटी ऑस्ट्रेलिया अवघ्या ११ धावांनी जिंकली हेही लिहा ना. दुसऱ्या डावात रायडरच्याच ८८. म्हणजे एका सामन्यात २८९ धावा, एकदाच बाद, आणि विजय ११ धावांचा. त्या माणसाने पहिल्या डावात १९० वर कंटाळून बॅट फेकली असती तर सामना गेला असता. लंगडी गोलंदाजी होती तर बाकीच्यांनी का नाही धुतली?

आणि केपटाउनच्या शतकाबद्दल. १९२१-२२ चा तो दक्षिण आफ्रिका दौरा मॅटवर झाला. तीन कसोट्या, धावा नाबाद ७८, ५८, ५६, १४२. बेरीज ३३४, सरासरी १११.३३. ज्यांनी मॅटवर कधी खेळलेलं नाही त्यांना याची किंमत कळणार नाही. आमच्या मैदानावर काथ्याचं मॅट असायचं, चारी बाजूंनी मोठे खिळे ठोकून ताणलेलं. सकाळी ताणून बसलेलं असलं तर चेंडू छातीपर्यंत यायचा, दुपारी खिळे सैल झाले की तोच चेंडू सळसळत घोट्यावर. एकदा तर यष्टिरक्षकाच्या बुटात खिळा घुसून अर्धा तास खेळ बंद. हिरवळीवर वाढलेला माणूस अशा पृष्ठभागावर जाऊन चार डावांत चार वेळा पन्नाशी ओलांडतो, म्हणजे नजर आणि पाय दोन्ही जागेवर असले पाहिजेत.

खडूस_दादरकर

आला मॅटचा धागा. आता इथून तीस प्रतिसाद काथ्यावर.

यारा_नदीकाठी

मी मेलबर्नमध्ये राहते, त्यामुळे थोडी स्थानिक भर घालते.

"पुसला गेला" हे निदान इथल्या क्लब क्रिकेटपुरतं खरं नाही. मेलबर्नच्या प्रीमियर क्रिकेटमध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला जे पदक देतात त्याचं नावच जॅक रायडर मेडल. त्यामुळे दर मार्चला त्याचं नाव कानावर येतं, माणूस कोण होता हे विचारणारे मात्र कमी. माझ्या मुलाच्या क्लबमध्ये मी विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "फूटबॉलवाला ना?"

पोराचंही अगदीच चूक नाही. कॉलिंगवुड म्हटलं की इथे आधी फूटबॉल आठवतं, त्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. त्यांचं जुनं मैदान व्हिक्टोरिया पार्क, तिथे एक स्टँड आहे, १९२० च्या दशकाअखेरचा. त्याचं नाव रायडर स्टँड. १९९९ नंतर तिथे मोठे सामने होत नाहीत, मैदान सगळ्यांसाठी उघडं असतं. लोक संध्याकाळी कुत्री फिरवतात, कुणी पळतं, आणि समोर एवढा जुना स्टँड उभा. कॉलिंगवुड तेव्हा कामगारवस्ती होती, बुटांचे कारखाने, भाड्याची छोटी घरं. त्या वस्तीचा हा माणूस. कसोट्या संपल्यावरही वर्षानुवर्षं क्लबकडून शनिवारचं क्रिकेट खेळत राहिला. लोक त्याला "कॉलिंगवुडचा राजा" म्हणायचे.

त्यामुळे १९३० ला त्याला वगळल्यावर इथले लोक का चिडले हे समजतं.

तिसरा_पंच

@यारा_नदीकाठी, वा! यासाठीच धागा काढला होता.

कोल्हापुरी_दणका

ते ११०७ कुणी काढलंच नाही अजून? रायडरचा धागा आणि ११०७ नाही म्हणजे तांबड्या रश्श्याशिवाय मटणाचं ताट की राव.

डिसेंबर १९२६, नाताळचा आठवडा, मेलबर्न. व्हिक्टोरिया विरुद्ध न्यू साउथ वेल्स. पाहुणे सर्वबाद २२१. त्यावर व्हिक्टोरिया: वुडफुल १३३, पॉन्सफर्ड ३५२, हेंड्री १००, आणि आपला रायडर २९५. चार तासांच्या आसपास, ६ षटकार, ३३ चौकार. एकूण ११०७, प्रथम श्रेणीतला आजही विक्रम. डाव आणि ६५६ धावांनी जिंकले.

बिचाऱ्या आर्थर मेलीने ६४ षटकं टाकून ३६२ धावांत ४ बळी घेतले. हा मेली व्यंगचित्रकार होता आणि जीभही तशीच. शेवटचा गडी एलिस धावबाद झाल्यावर म्हणाला, वाईट झालं, माझा टप्पा आत्ता कुठे पडायला लागला होता. आणि झेल सुटण्याबद्दलची तक्रार अशी की स्टँडच्या मागच्या रांगेतला एक हॅटवाला गृहस्थ सारखा झेल सोडत होता!

आकडेमोड

आणि त्याच हंगामात, महिन्याभरात, सिडनीच्या परतीच्या सामन्यात व्हिक्टोरिया सर्वबाद किती? ३५. फक्त पस्तीस. मॅकनॅमी ७ बळी २१ धावांत. क्रिकेट कुणाचं ठेवत नाही.

कोल्हापुरी_दणका

ते असू दे. पण मोठ्या धावांवरून आठवण निघालीच तर आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. नाबाद ४४३. ब्रॅडमनचे नाबाद ४५२ समोर दिसत होते आणि काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला, पुढे खेळायलाच नकार. बरं, एवढं करून निंबाळकरांना कसोटी किती? एकही नाही! रायडरला निदान वीस तरी मिळाल्या. तुम्ही मेलबर्नच्या माणसासाठी गळा काढताय.

खडूस_दादरकर

आधी मॅट, मग मटण, आता काठियावाड. मूळ धागा कुठे गेला ते कुणी सांगेल का?

जुन्या_पेपरचा_गठ्ठा

मूळ धाग्याला धरूनच लिहितो, आणि जरा लांब लिहितो. कारण रायडरचा आपल्याशी खरा संबंध आहे आणि तो अजून कुणी काढला नाही.

१९३५-३६ च्या हिवाळ्यात हा माणूस भारतात आला होता, संघ घेऊन. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात खेळायची ती पहिली वेळ. अधिकृत कसोट्या नव्हत्या, म्हणून विक्रमांच्या पुस्तकात सापडत नाही. सूत्रं हलवली फ्रँक टॅरंटने. हा मूळचा मेलबर्नचा, मिडलसेक्सकडून इंग्लंड गाजवलेला अष्टपैलू, नंतर आपल्याकडच्या राजेरजवाड्यांच्या पदरी राहिला, घोड्यांचा व्यापारही करायचा. १९३३ साली मुंबईत जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली तेव्हा पंच म्हणून उभा होता तो हाच टॅरंट. पैसा पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांचा.

ऑस्ट्रेलियन बोर्ड काही खूश नव्हतं. त्यांचा खरा संघ त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेला जायचा होता, त्यामुळे तिथे लागू शकेल असा एकही खेळाडू द्यायला ते तयार नव्हते. मग टॅरंटने काय केलं, तर निवृत्त म्हातारे आणि ज्यांचा नंबर लागत नव्हता असे तरुण यांची मोट बांधली. कर्णधार रायडर, वय ४६. मॅकार्टनी, ४९. हेंड्री चाळिशीचा. आणि डावखुरा फिरकी गोलंदाज बर्ट आयर्नमाँगर, वय वर्षं ५३!

चार मोठे सामने झाले. मुंबई आणि कलकत्ता त्यांनी जिंकलं, लाहोर आणि मद्रास आपण. मालिका २-२. शेवटच्या दोन विजयांत कर्णधार वझीर अली होता. लाहोरला ६८ धावांनी आणि मद्रासला ३३ धावांनी. आपला वेगवान गोलंदाज निस्सार त्या हिवाळ्यात फार वेगात होता.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना हरवलं त्यात काय. पण तोवर परदेशी संघाला मोठ्या सामन्यात हरवायची सवय आपल्याला कुठे होती? १९३२ आणि १९३३-३४ मिळून चार कसोट्या, विजय शून्य. आणि समोर मॅकार्टनी आणि रायडर. पन्नाशीला आलेले असले तरी फलंदाजी विसरलेले नव्हते.

मला यातली रायडरची बाजू आवडते. १९३० ला ज्याला सांगितलं की तू आता म्हातारा झालास, तो पाच वर्षांनी महिनोन् महिने आगगाडीने कराचीपासून मद्रासपर्यंत फिरत, राजवाड्यांच्या मेजवान्या आणि पोटाचे विकार दोन्ही झेलत, उन्हात संघ चालवत होता.

गुपचूप_वाचक

५३ व्या वर्षी भारत दौरा?? आमच्या सोसायटीत ५३ व्या वर्षी लोक जिना चढताना दोनदा थांबतात.

पुणेरी_पगडी_नाही

@गुपचूप_वाचक, आमच्याकडे प्रो. देवधर होते. जन्म १८९२. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षं महाराष्ट्राने रणजी जिंकली, कर्णधार देवधर. दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध २४६ मारले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. मुंबईविरुद्ध, बरं का, दादरकर.

खडूस_दादरकर

वाचलं. १९४१ नंतरच्या मुंबईच्या रणजी विजयांची यादी टाकू का? सर्व्हर बसेल.

यारा_नदीकाठी

आयर्नमाँगर काकांचा विषय निघालाच आहे तर इथे सांगितला जाणारा किस्सा. त्यांची फलंदाजी इतकी दिव्य की एकदा म्हणे बायकोने मैदानावर फोन केला, बर्टला बोलवा. उत्तर आलं, ते आत्ताच खेळायला गेलेत. बाई म्हणाल्या, असू दे, मी फोन धरून थांबते.

डाव्या हाताची तर्जनी कापलेली होती त्यांची. त्या अर्ध्या बोटाने चेंडू वळवायचे.

आकडेमोड

आयर्नमाँगर: १४ कसोट्या, ७४ बळी, सरासरी १७.९७. पदार्पण वयाच्या ४६ व्या वर्षी, ब्रिस्बेन, नोव्हेंबर १९२८. त्याच सामन्यात त्याच संघातून आणखी एका मुलाचं पदार्पण झालं. वय २०, धावा १८ आणि १. नाव डॉन ब्रॅडमन. कर्णधार रायडर.

आणि तो सामना ऑस्ट्रेलिया ६७५ धावांनी हरली. धावांच्या हिशेबात कसोटीतला आजवरचा सर्वांत मोठा पराभव. पुढच्या सिडनी कसोटीत ब्रॅडमन बारावा खेळाडू. ब्रॅडमनला कसोटी संघातून बाहेर बसवलेला कर्णधार म्हणून तरी रायडर लक्षात राहायला हवा होता!

सांगलीचा_मॅटवाला

ब्रिस्बेनचं खापर रायडरवर फोडू नका. जॅक ग्रेगरीचा गुडघा पहिल्याच डावात कायमचा गेला, केलवे आजारी पडला, दुसऱ्या डावात दोघंही खेळायला उतरलेच नाहीत. समोर इंग्लंडचा लारवुड पेटलेला. त्यात पाऊस पडून भिजलेल्या विकेटवर ६६ सर्वबाद. तेव्हा विकेट झाकायचे नाहीत.

आणि बाकीचे पराभवही बघा. मेलबर्नला ३ गड्यांनी हरले, ते हॉब्ज आणि सटक्लिफ ओल्या विकेटवर उभे राहिले म्हणून. ॲडलेडला फक्त १२ धावांनी. ३४९ हव्या होत्या, ३३६ वर संपले. रायडरच्या ६३ आणि ८७. इंग्लंडच्या जॅक व्हाइटने त्या उन्हात दोन्ही डावांत मिळून १३ बळी घेतले. ब्रॅडमन ५८ वर धावबाद झाला नसता तर ४-१ चं ३-२ झालं असतं, कारण शेवटची मेलबर्न कसोटी जिंकलेच. समोर हॅमंड, मालिकेत ९०५ धावा. अशा वेळी कर्णधाराने काय करायचं?

अबोली_न

मी क्रिकेटच्या धाग्यांवर फारशी लिहीत नाही. पण "विसरलेला ऑस्ट्रेलियन फलंदाज" म्हटल्यावर रॉस ग्रेगरीचं नाव घ्यावंसं वाटतं. हाही व्हिक्टोरियाचाच.

१९३६-३७ च्या ॲशेसमध्ये दोन कसोट्या खेळला. ॲडलेडला २३ आणि ५०, मेलबर्नला ८०. तीन डाव, १५३ धावा, सरासरी ५१. मेलबर्नची ती निर्णायक पाचवी कसोटी, ऑस्ट्रेलिया ६०४, त्यात ब्रॅडमन १६९, बॅडकॉक ११८, मॅकेब ११२ आणि हा मुलगा ८०. त्या कसोटीदरम्यान त्याचा एकविसावा वाढदिवस होता. १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यालाही घेतलं नाही. पुढे हवाई दलात गेला. १० जून १९४२ ला त्याचं वेलिंग्टन विमान बंगालमधल्या गफरगावजवळ कोसळलं. वय २६. ते गाव आता बांगलादेशात आहे.

रायडरला निदान ८७ वर्षांचं आयुष्य मिळालं.

तिसरा_पंच

@अबोली_न, लिहीत जा हो. ग्रेगरीवर वेगळा धागा व्हायला हवा.

जुन्या_पेपरचा_गठ्ठा

मूळ प्रश्नाकडे येऊ. माझं मत: वगळणं चूक नव्हतं, पण आकडेमोड म्हणतात त्या कारणाने नाही.

१९३० चा संघ बघा. ब्रॅडमन, जॅक्सन, मॅकेब, सगळे विशी-एकविशीचे. जॅक्सनने तर ॲडलेडला, त्या १२ धावांच्या पराभवात, पदार्पणात १६४ मारलेले. फलंदाजीत वुडफुल, पॉन्सफर्ड आणि किपॅक्स होतेच. रायडर आला असता तर यांतल्या एका पोराची जागा गेली असती. मालिका २-१ ने जिंकली, ब्रॅडमनने ९७४ ठोकल्या. कर्णधार म्हणून वुडफुल शांत, गणिताचा मास्तर, सगळ्यांना धरून चालणारा. निकाल बघता समितीला दोष देता येत नाही.

पण तो स्वतः त्या खोलीत बसलेला होता, हे मला सुटत नाही. आपल्याच नावावर चर्चा चाललेली, दोन मतं विरुद्ध जातायत, आणि बाहेर येऊन संघ जाहीर झाला की हसून उभं राहायचं.

आकडेमोड

आणि पुढचं? दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ ला हाच रायडर पुन्हा निवड समितीवर आला आणि १९७० पर्यंत राहिला. जवळजवळ पाव शतक. त्यातली बहुतेक वर्षं शेजारच्या खुर्चीवर कोण? ब्रॅडमन. ज्याला १९२८ ला सिडनीत बाहेर बसवलं तो. हार्वी, बेनॉ, डेव्हिडसन, सिम्प्सन, लॉरी, यांच्या संघांवर या दोघांच्या सह्या.

एवढी वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला निवडीचं दुःख कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी वय झालेल्यांना त्यानेही काढलंच असणार. काम आहे ते.

कोल्हापुरी_दणका

म्हणजे आमच्या भाऊसाहेबांना काढणारेही कुणाच्या तरी शेजारी बसलेले असणार!

खडूस_दादरकर

भाऊसाहेबांचा वेगळा धागा काढ रे बाबा, मीच पहिला प्रतिसाद देतो.

रायडरबद्दल माझं मत बदललेलं नाही. चाळिशीतला माणूस इंग्लंडच्या ओल्या मे महिन्यात तिसऱ्यांदा नेला नसता मी. पण गठ्ठा म्हणतात त्यात एक भर. त्याचा शेवटचा कसोटी डाव कुणी नीट बघितला का? मार्च १९२९, मेलबर्न, आठ दिवस चाललेला सामना. २८६ हव्या होत्या, ५ बाद २८७ करून जिंकले. शेवटी खेळपट्टीवर नाबाद कोण? रायडर ५७, ब्रॅडमन ३७. ०-४ अशा फेकलेल्या मालिकेतला एकमेव विजय, आणि तो कर्णधाराने स्वतः उभं राहून मिळवलेला. एवढ्यासाठी त्याला सलाम. तिकीट मात्र नाही.

सांगलीचा_मॅटवाला

दादरकर सलाम ठोकतायत! स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

माझं मत विरुद्ध आहे. कर्णधारपद काढा, हरकत नाही. फलंदाज म्हणून न्यायला हवा होता. संघाच्या सर्वाधिक धावा करणाऱ्याला पुढच्या दौऱ्यात पंधरातही जागा नाही, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. दौरा पाच महिन्यांचा, सामने तीसच्या वर. काउंट्यांविरुद्ध एक अनुभवी डोकं कामाला आलंच असतं. जॅक्सनची प्रकृती त्या दौऱ्यात धड नव्हती, विसरू नका.

यारा_नदीकाठी

मॅटवाल्यांना माझं मत. पण मी पक्षपाती आहे, घरापासून स्टँड दिसतो. :)

शेवटची भर: मार्च १९७७ ला मेलबर्नला शतकमहोत्सवी कसोटी झाली. दोन्ही देशांचे जुने कसोटी खेळाडू झाडून बोलावले होते. हजर ऑस्ट्रेलियनांत सर्वांत वयस्कर रायडर. ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली, १८७७ च्या पहिल्या कसोटीतही अगदी तेवढ्याच धावांनी जिंकली होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ एप्रिलला, रायडर गेला.

तिसरा_पंच

आत्तापर्यंतचा कौल: वगळलं ते बरोबर म्हणणारे तीन, चूक म्हणणारे दोन, निंबाळकरांना मत देणारा एक. मी अजून मत दिलेलं नाही. १९३० च्या दौऱ्यातल्या काउंटी सामन्यांचे धावफलक काढून बसतो, मधल्या फळीत नक्की कुणी कच खाल्ली ते बघून लिहितो.

पुणेरी_पगडी_नाही

आणि देवधरांना मत द्यायची सोय नाही का?

गुपचूप_वाचक

पॉपकॉर्न संपले. कुणीतरी तो मॅटवर खिळा घुसलेल्या यष्टिरक्षकाचं पुढे काय झालं ते सांगा.

सांगलीचा_मॅटवाला

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत आला आणि दोन स्टम्पिंग केले. सामना हरलो.